साहेब एक, खुर्च्या चार

बारा जानेवारीला माझी मुलगी शाळेच्या फेरीबरोबर चार हुतात्मा चौकात जाऊन आली. दारात बूट काढता काढताच तिनं विचारलं, "आई, मार्शल लॉ लावला म्हणजे अख्ख्या सोलापूरचं कोर्ट मार्शल केलं का?"

मला हसू आलं, आणि लगेच हेही कळलं की याचं धड उत्तर आपल्यालाही येत नाही. नशिबानं मामा घरी होते. गड्ड्याच्या यात्रेला ते दरवर्षी वैरागहून येतात आणि आठवडाभर राहतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूस. ते म्हणाले, "दोन्हीत मार्शल हाय, तेवढंच सारखं. एक लोकांवर चालतंय, एक आमच्यावर."

मार्शल लॉ म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून लष्करानं गावाचा ताबा घेणं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, ८ मे रोजी गोळीबार झाला, पुढचे काही दिवस सरकार नावाची गोष्टच शहरात उरली नाही, आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत चालला. गांधी टोपी घातली म्हणून, झेंडा लावला म्हणून कुणाकुणाला शिक्षा झाल्या, हे इथल्या जुन्या घरांतून अजून सांगतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चौक त्यांच्याच नावाचा.

कोर्ट मार्शल अगदी वेगळं. ते फौजेच्या कायद्याखाली असलेल्या माणसांवरच चालतं. आज तो कायदा म्हणजे १९५० चा आर्मी ॲक्ट. तुमच्या-माझ्यासारख्यांना तो लागूच नाही.

मुलीला हे विचारावंसं वाटलं कारण तिनं आदल्या आठवड्यात 'शौर्य' बघितला होता. २००८ चा सिनेमा. काश्मीरमध्ये एका कॅप्टननं आपल्याच मेजरला गोळी घातलेली असते, आणि एकमेकांचे मित्र असलेले दोन अफसर त्या खटल्यात समोरासमोर वकील म्हणून उभे राहतात. रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही तिघांनी तो पुन्हा लावला. मामा शांतपणे सिनेमा बघणाऱ्यांतले नव्हेत. दर दहा मिनिटांनी "असं कुठं असतंय व्हय?" म्हणत रिमोट मागायचे. शेवटी सिनेमा तसाच थांबवून ते उठले आणि स्वयंपाकघरातले डबे आणून सतरंजीवर मांडायला लागले.

मधोमध शेंगाचटणीचा मोठा डबा. हे अध्यक्ष, समजा कर्नल. त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला हुद्द्याप्रमाणे चार डबे, सगळ्यात लहान मोहरीचा. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अफसर लागतात, प्रत्येकाची कमिशन, म्हणजे अफसरपद, मिळून निदान तीन वर्षं झालेली, आणि त्यातले चार तरी कॅप्टन किंवा वरचे. आरोपी अफसर असेल तर त्याच्यापेक्षा खालच्या हुद्द्याची माणसं सहसा बसवत नाहीत. बाजूला मिठाची बरणी. हे जज ॲडव्होकेट, म्हणजे कायदा जाणणारे अफसर. "ह्याच्याशिवाय काही शिजत नाही, पण ह्याला मत नसतंय," मामा म्हणाले. समोर दोन वाट्या, एक सरकार पक्षाची आणि एक बचावाची. आणि मधे एकटं लिंबू.

"लिंबू का?" मुलीनं विचारलं.

"आरोपी हाय. पिळायचं कुणाला मग?"

सुरुवातीलाच लिंबाला विचारतात, ह्या डब्यांपैकी कुणावर तुझी हरकत आहे का? हरकत घेता येते आणि ती मान्य झाली तर तो डबा उठतो. साक्षी होतात, उलटतपास होतो, साध्या कोर्टासारखंच. शेवटी दार बंद करून पाचही जण आपलं मत सांगतात, आणि इथं मामांनी बोट मोहरीच्या डब्यावर ठेवलं. मत विचारायला सुरुवात सगळ्यात कनिष्ठापासून होते. कर्नल आधी बोलला तर कॅप्टनचं मत तिथंच विरघळून जाईल, म्हणून हा नियम. मला हा नियम फार आवडला. ज्या व्यवस्थेत सगळं वरून खाली येतं, तिनं न्यायाच्या खोलीत तरी मत खालून वर जाईल अशी तजवीज केलीय.

सिनेमात निकाल ऐकवला की पार्श्वसंगीत सुरू होतं. प्रत्यक्षात निकाल लागला तरी तो लागलेला नसतो. वरचा अधिकारी त्यावर शिक्कामोर्तब करेपर्यंत दोषी ठरवणं आणि शिक्षा दोन्ही अधांतरी. फाशी द्यायची तर जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान दोनतृतीयांश सदस्य एकमत हवेत. या सगळ्यावर दाद मागायला आता सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचा कायदा २००७ चा, काम सुरू झालं २००९ मध्ये.

पण डबे मांडण्यामागं मामांचा रोख दुसरीकडंच होता. ते म्हणाले, "हे मोठं कोर्ट क्वचित बसतंय. आमच्यासाठी रोजचं कोर्ट म्हणजे सीओ साहेब."

इथून पुढं मला फौजी सिनेमे वेगळे दिसायला लागले. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पलटणीत जवानाकडून काही चूक झाली की त्याचा 'मार्चअप' होतो. टोपी आणि पट्टा काढून, लेफ्ट-राइट करत, त्याला पलटणीचा प्रमुख, म्हणजे कमांडिंग ऑफिसर (सीओ), याच्या टेबलासमोर उभं करतात. सीओ तिथल्या तिथं शिक्षा देऊ शकतो. शिक्षेची लाल शाईतली नोंद कागदावर चढली की ती नोकरीभर माणसाचा पिच्छा पुरवते. समरी कोर्ट मार्शल नावाचा प्रकार तर असा की न्यायाधीश म्हणून सीओ एकटाच बसतो आणि वर्षभराची कैदही देऊ शकतो. हे फक्त हवालदारापर्यंतच्या लोकांसाठी. सुभेदारावर किंवा अफसरावर ते चालत नाही.

आता हाच सीओ सकाळी न्यायाधीश असतो. दुपारी त्याच जवानाची रजा मंजूर करणारा किंवा नाकारणारा मालक असतो. संध्याकाळी त्याच्याबरोबर बास्केटबॉल खेळणारा भिडू असतो. आणि एखाद्या रात्री, अमुक टेकडीवर जा, असा हुकूम त्यालाच देणारा सेनापती असतो. तो जवान परत आला नाही तर घरी पत्र लिहायचं कामही त्याचंच. आपल्या मुलकी जगात या खुर्च्या वेगवेगळ्या माणसांच्या असतात. गिरणीतला मुकादम रजा नाकारतो, पण शिक्षा न्यायाधीश देतो, आणि दोघांनाही तुम्हाला मरायला पाठवता येत नाही. फौजी अफसर चारही खुर्च्यांत एकाच वेळी बसलेला असतो. अफसराची नैतिक कुतरओढ म्हणतात ती इथून सुरू होते, शौर्य-भित्रेपणा किंवा देशभक्ती-गद्दारी या जोड्यांतून ती फारशी येत नाही.

ज्या सिनेमांना हे कळलंय आणि ज्यांना कळलेलं नाही, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बहुतेक सिनेमे काय करतात? खुर्च्या वाटून टाकतात. एक क्रूर ब्रिगेडियर, एक सच्चा मेजर, एक बिचारा कॅप्टन. 'शौर्य'मधला के. के. मेनन यांचा ब्रिगेडियर हे जबरदस्त काम आहे, तो पडद्यावर आला की मामासुद्धा गप्प बसले. पण सगळं पाप एका माणसाच्या अंगावर टाकलं की बघणाऱ्याची सुटका होते. हा वाईट, तो चांगला, चला झोपायला. स्वदेश दीपक यांचं १९९१ चं 'कोर्ट मार्शल' हे हिंदी नाटक यापेक्षा अवघड जागी बोट ठेवतं. तिथं गोळी झाडलेला जवान गुन्हा कबूलच करतो, प्रश्न उरतो तो त्यामागच्या जातीच्या अपमानाचा. त्यामुळे खरी परीक्षा होते ती अध्यक्षांच्या खुर्चीतल्या कर्नलची. कायद्यानं उत्तर सोपं आहे आणि तरीही ते पुरत नाही.

आता हुकमाबद्दल. फौजेत हुकूम मोडता येत नाही, असं आपण धरून चालतो. आर्मी ॲक्टच्या ४१ व्या कलमात हुकूम मोडण्याची शिक्षा दिलीय, मोहिमेवर असताना चौदा वर्षांपर्यंत. पण त्या कलमातला एक शब्द वाचताना घाईत सुटतो. तिथं 'कायदेशीर हुकूम' म्हटलंय. नुसता 'हुकूम' म्हटलेलं नाही. इंग्रजांच्या दंड संहितेत ७६ व्या कलमाखाली एक छोटं उदाहरण होतं. सैनिकानं वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. यात दोन अटी आहेत, वरिष्ठाचा हुकूम आणि कायद्याची आज्ञा. पहिली असून दुसरी नसेल तर ढाल उरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत हेच जगापुढं ठसठशीत झालं. हुकूम होता एवढं म्हणून जबाबदारी झटकता येत नाही.

मामांना हे सगळं तोंडपाठ नव्हतं, पण मुलीनं "मग हुकूम बेकायदा आहे हे जवानाला त्या क्षणी कळणार कसं?" असं विचारल्यावर त्यांनी पेशावर सांगितलं. २३ एप्रिल १९३०. किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र पठाणांच्या जमावावर गोळ्या झाडायला हवालदार चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाल रायफल्सच्या साथीदारांनी नकार दिला. त्यांचं कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. तारीख पुन्हा बघा. सोलापूरच्या गोळीबाराच्या अवघ्या पंधरा दिवस आधी. एकाच उन्हाळ्यात एका बाजारात शिपायांची बंदूक खाली आली आणि दुसऱ्या शहरात चालली. त्या वेळच्या कायद्यानं पहिले गुन्हेगार होते. आज त्यांना कुणी तसं म्हणत नाही.

स्वतंत्र भारताच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात यावर एक शहाणपणाची तरतूद आहे. जमाव पांगवायला फौज बोलावली तर दंडाधिकारी काय हवंय ते सांगतो, पण कसं करायचं ते अफसर ठरवतो, आणि शक्य तितकं कमी बळ व शक्य तितकी कमी इजा हे बंधन त्याच्यावर असतं. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर कमिशन मिळालेला अफसर स्वतःच्या विचारानं पाऊल उचलू शकतो. म्हणजे कायदाच म्हणतो की शेवटी एका माणसानं अंदाज घ्यायचा. 'कमी' म्हणजे किती, हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. सिनेमा इथं सुरू व्हायला हवा. आपल्याकडचे बहुतेक तो सुरू व्हायच्या आत संपतात.

अफसराला शिकवतात काय? डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी ॲकॅडमीत चेटवूड हॉल आहे. १९३२ मध्ये संस्था सुरू होताना तेव्हाचे सरसेनापती चेटवूड यांनी तीन गोष्टींचा क्रम लावून दिला. आधी देशाची सुरक्षा, मान आणि भलं. मग तुझ्या हाताखालच्या माणसांचा मान, भलं आणि सोय. सगळ्यात शेवटी तुझा स्वतःचा आराम आणि जीव. नेहमी, प्रत्येक वेळी.

ऐकायला सोपं. तिसऱ्याबद्दल वाद नाही. गोची पहिल्या आणि दुसऱ्यात आहे. देश आणि हाताखालची माणसं एकमेकांच्या आड येतात तेव्हा काय? आणि त्याहून अवघड म्हणजे, कोणता कुठला हेच ओळखू येत नाही तेव्हा?

या दुसऱ्या प्रश्नावरचा सगळ्यात चांगला सिनेमा मला १९५७ चा 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' वाटतो. चित्रण श्रीलंकेत झालेलं, तेव्हाच्या सिलोनमध्ये. जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन आधी तत्त्वासाठी अडून बसतो. जिनिव्हा कराराप्रमाणे कैदी अफसरांकडून अंगमेहनत करून घेता येत नाही, मी करू देणार नाही. तो उन्हात तापलेल्या खुराड्यात दिवस काढतो, पण नमत नाही, आणि शेवटी त्याचंच खरं होतं. बाहेर येतो तेव्हा जवान जल्लोष करतात. (जपाननं १९२९ च्या त्या करारावर सही केली होती, पण तो रीतसर मान्य केलेला नव्हता. खऱ्या कैद्यांना निकल्सनएवढंही यश मिळालं नाही, हजारो माणसं त्या रेल्वेमार्गावर मेली.) आणि मग हाच माणूस ठरवतो की रिकाम्या बसलेल्या पलटणीची शिस्त ढासळतेय, तिला काम हवं, तर पूलच बांधू या. आणि चांगला बांधू या. शत्रूसाठी. त्याच्या डोक्यात सगळं बरोबर आहे. माणसांचं भलं, पलटणीचा मान. चेटवूडचा दुसरा नियम तो इतका मनापासून पाळतो की पहिला हातातून निसटतो. हा माणूस दुष्ट नाही, मूर्ख तर मुळीच नाही. चारही खुर्च्यांत तो चोख बसलाय आणि पाचवी, जी मुळात आधीची, ती विसरलाय. पूल उडायच्या वेळी त्याला ते आठवतं. मामांचा तिथं पहिल्यांदाच रिमोट मागायचा राहिला.

त्याच वर्षीचा स्टॅनले कुब्रिक यांचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' उलट्या बाजूनं येतो. पहिलं महायुद्ध, फ्रेंच फौज. जिंकता येणार नाही अशा टेकडीवर जनरल चढाई करायला लावतो, ती फसते, आणि भित्रेपणाबद्दल उदाहरण घालून द्यायचं म्हणून तीन जवान निवडून त्यांचं कोर्ट मार्शल होतं. कर्नल डॅक्स हा त्या चढाईत पुढं होता. आता तोच त्या तिघांचा वकील म्हणून उभा राहतो. खटला म्हणजे निव्वळ तमाशा, निकाल आधीच ठरलेला. पण मला डोळ्यांपुढं राहतो तो शेवट. तिघांना गोळ्या घातल्यावर पलटण एका खाणावळीत बसलीय, कैदी म्हणून आणलेली एक जर्मन मुलगी गाणं म्हणतेय, आधी शिट्ट्या आणि मग रडू. डॅक्स बाहेर उभा असतो, आणि हुकूम येतो की लगेच पुन्हा आघाडीवर जायचंय. वकील, कैवारी, सगळं होऊन झाल्यावर तो परत त्याच खुर्चीत येतो, जिथून या माणसांना पाठवायचं असतं. तो काय करतो? त्यांना आणखी थोडा वेळ बसू द्या, एवढंच सांगतो. बंड नाही, राजीनामा नाही. त्याच्या हातात तेवढीच काही मिनिटं होती. हा सिनेमा १९७५ पर्यंत फ्रान्समध्ये दाखवला गेला नव्हता. फ्रेंच फौजेला तो झोंबला, याचा अर्थ नेमकं दुखणं पकडलं होतं.

'बॉर्डर'चं काय, असं मुलीनं विचारलंच. राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाच्या लढाईवरचा १९९७ चा तो सिनेमा आणि पुढचे कारगिलवरचे, यांत शत्रू बाहेर असतो, म्हणून पेच कमी. तरी लोंगेवालाच्या खऱ्या लढाईत एक होता. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंह चांदपुरी यांना रणगाड्यांची चाहूल लागली तेव्हा त्यांच्याकडं सव्वाशेच्या आसपास माणसं होती, आणि थांबायचं की मागं यायचं हे त्यांच्यावर सोडलेलं होतं. ते थांबले. उजाडल्यावर विमानदलाची हंटर विमानं आली आणि चित्र पालटलं. पडद्यावर एकेक जवान देह ठेवतो, प्रत्यक्षात आपली प्राणहानी अगदीच थोडी झाली. मला वाटतं खरी गोष्ट जास्त थरारक आहे. सव्वाशे जणांच्या वतीनं एका माणसानं रात्रभर घेतलेली जोखीम, आणि ती बरोबर ठरली हे त्याला उजाडल्यावर कळलं.

नकार कुठं द्यायचा, याचा धडा 'सॅम बहादुर'मध्ये आहे, जरी तो सिनेमा बराच पोवाड्यासारखा चालतो. एप्रिल १९७१ मध्ये इंदिरा गांधींना लगेच लढाई हवी होती आणि लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांनी फौज तयार नाही, आत्ता उतरलो तर हरू, असं तोंडावर सांगितलं. हुकूम मोडणं वेगळं आणि हुकूम निघण्याआधी खरं सांगणं वेगळं. पहिल्याला कोर्ट मार्शल, दुसऱ्याला धाडस लागतं. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, १६ तारखेला ढाका पडलं.

नाना पाटेकरांचा १९९१ चा 'प्रहार' मामांचा लाडका. त्यासाठी नानांनी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर खरं प्रशिक्षण घेतलं होतं, हे ते तीनदा सांगतात. त्यातला मेजर मुंबईत येतो तेव्हा त्याच्याकडं एकही खुर्ची उरलेली नसते, पण हात मात्र फौजेचेच असतात. गुंडांना तो स्वतःच शासन करतो. थिएटरात टाळ्या पडत. मला तेव्हाही त्या टाळ्यांची थोडी भीती वाटायची.

खुर्च्या एकाच माणसाकडं असणं हेच सगळ्याचं मूळ असेल, तर त्या वाटून टाकल्या की प्रश्न सुटेल का? २०१५ चा 'आय इन द स्काय' नेमकं हेच दाखवतो. ड्रोननं नैरोबीतलं घर उडवायचंय, आत आत्मघातकी हल्ल्याची तयारी चाललीय, आणि घराच्या भिंतीला लागून एक पोरगी भाकरी विकायला बसलीय. कर्नल एका देशात, ड्रोन चालवणारा दुसऱ्या, मंत्री तिसऱ्या. जो तो वरच्याला विचारतो. ती पोरगी दगावण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढणाऱ्या सार्जंटकडून कर्नल तो आकडा खाली आणून घेते, कारण तो कागदावर नियमात बसला पाहिजे. खुर्च्या इतक्या आणि इतक्या लांब की पोरीचा जीव नक्की कुणाच्या हिशोबात धरायचा तेच कळेनासं होतं. म्हणजे तोही उपाय नव्हे.

आपल्या गावच्या एका सिनेमाबद्दल न सांगता पुढं जाता येत नाही. भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक सोलापूरकरांना माहीत असतं, चीनहून पाहुणे येतात तेव्हा तिथं गाड्या लागतात. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वय अवघं बत्तीस असताना, तिथंच वारले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणिसांची भूमिका स्वतःच केली. सिनेमा म्हणून तो आज भाबडा वाटेल. पण त्या आयुष्यात एक खराखुरा पेच आहे. तिकडं असतानाच इकडं सोलापुरात वडील गेले, आणि ते परत आले नाहीत. घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय येणार नाही, असं ठरवलं. डॉक्टर म्हणून बरोबर. मुलगा म्हणून? फौजेतला डॉक्टर तर आणखी एका खुर्चीत बसलेला असतो. जखमीला बरं करायचं, आणि बरं झालं की पुन्हा गोळ्यांसमोर जायला लायक असा शेरा द्यायचा.

वडिलांचा विषय निघाला तसे मामा गप्प झाले. डबे अजून सतरंजीवरच होते. मग त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहायचं तर असं:

"वरच्या पोस्टवर होतो. बर्फ पडायच्या आत एकच माणूस खाली सोडता येत होता, बाकी माणसं कमी होती. अर्ज दोन. एकाच्या बहिणीचं लग्न, दुसऱ्याचा बाप आजारी. कंपनी कमांडर मेजर साहेब माझ्याकडं बघून म्हणले, सुभेदार साहब, आप बताइए. मी म्हणलो, लग्नवाल्याला सोडा. तारीख ठरलेली हाय, ती काय हलत नसती. आजारी माणूस चार महिनं वाट बघतंय. साहेबांनी लग्नवाल्याला सोडला. बर्फ पडला, रस्ता मिटला. वीस-बावीस दिवसांनी वायरलेसवर निरोप, बाप गेला."

मुलीनं विचारलं, "मग त्यांना कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. मला बाहेर उभा केला, त्याला आत घेतला. म्हणले, निर्णय मेरा था, गलती मेरी है, गुस्सा करना है तो मुझपे करो. माझं नाव काढलं न्हाई. पोरगं सलाम करून बाहेर आलं. मला काय बोललं न्हाई, त्याला ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी बडाखान्याला माझ्या ताटात मटण त्यानंच वाढलं. दोनदा वाढलं."

मग मामांनी लिंबू उचललं, मिठाची बरणी उचलली, मोठ्या डब्यावर लहान डबे रचले आणि आत गेले. आतून डबे फळीवर ठेवल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाले, "लाव ते पुढं. त्या कॅप्टनचं काय झालं बघू."